नावाच्या रकान्यात एक जागा

१

ही सिस्टिम मी रागातून बनवली, हे आधीच सांगून टाकते.

ज्या कॉलेजात मी शिकले त्याच कॉलेजात आता शिकवते. शिकत असताना चार वर्षं एकच प्रकार बघितला. एक जण डोकं फोडून प्रोग्राम लिहायचा, बाकीचे वीस जण त्यातली नावं बदलून तोच जमा करायचे, आणि गुण सगळ्यांना सारखे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. नोकरी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी विभागप्रमुखांच्या, म्हणजे आमच्या मोठ्या सरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, हे मी थांबवते."

"थांबव," सर म्हणाले. "मी बावीस वर्षं थांबवतोय. जाताना तेवढं दार लावून जा."

तीन महिन्यांत वेबसाइट उभी राहिली. विद्यार्थ्यानं आपला प्रोग्राम तिथे चढवायचा. सिस्टिम त्यातली नावं काढते, टिपा काढते, मोकळ्या जागा काढते आणि मागे जो सांगाडा उरतो तो बाकी सगळ्यांच्या सांगाड्यांशी ताडून बघते. दोन जुळले की दोन्ही प्रोग्राम जसेच्या तसे पडद्यावर शेजारी शेजारी येतात. डावीकडे 'मूळ', उजवीकडे 'नक्कल'. मूळ कुठलं हे ठरवायला मी एकच ओळ लिहिली होती. ज्यानं आधी जमा केलं, तो मूळ. त्या ओळीवर मी दहा सेकंदही विचार केला नव्हता.

चाचणीसाठी एक खोटं खातं हवं होतं. नाव भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना आणि मला नाव सुचवायचा कंटाळा आला होता. मी रकान्यात एकदा स्पेस दाबली. अर्ज स्वीकारला गेला. एक मोकळी जागा हे त्याला नाव वाटलं. मी हसले आणि म्हटलं, नंतर दुरुस्त करू. 'नंतर' हा आमच्या धंद्यातला सगळ्यात थापाड्या शब्द आहे.

संगणकाच्या लेखी मोकळी जागासुद्धा एक अक्षरच असते, आणि तिचा नंबर बाकी सगळ्या अक्षरांच्या आधी लागतो. त्यामुळे ते खातं वर्गाच्या यादीत सगळ्यात वर जाऊन बसलं. रोल नंबर नाही, नाव नाही. एका ओळीच्या उंचीची पांढरी पट्टी.

२

सोमवारी मोठे सर लॅबमधला तास संपवून आले. हजेरी त्यांनी माझ्या सिस्टिममधून छापलेल्या यादीवर घेतली होती.

"यादी झकास आहे," ते म्हणाले. "फक्त पहिल्याचं नाव उमटलं नाही बघ. शाई संपत आली असेल."

"तिथे कुणी नाही सर. माझं चाचणीचं खातं आहे ते. काढायचं राहिलं."

"कुणी नाही कसं? मी थांबलो, तर 'हजर' म्हणाला की." त्यांनी यादी पुढे केली. पहिल्या कोऱ्या ओळीपुढे त्यांच्या निळ्या पेनानं केलेली बरोबरची खूण होती.

"कोण म्हणालं?"

"साठ डोक्यांत मी कुणाकुणाचं तोंड बघू? भिंतीकडून आला आवाज."

लॅबमध्ये भिंतीला लागून बारा संगणकांची रांग आहे. भिंतीच्या पलीकडे अडगळीची खोली, जुने मॉनिटर आणि तुटक्या खुर्च्या भरलेली, कुलूपबंद. त्या खोलीच्या पलीकडे सरांची केबिन. मी मनाशी म्हटलं, कुणीतरी चावटपणा केला. कोरी ओळ दिसली की 'हजर' म्हणणारं एक माणूस प्रत्येक वर्गात असतंच. माझ्या वर्गात ते माणूस मी होते.

तरी मी तिथेच बसून ते खातं पुसलं. पडद्यावर उत्तर आलं: एक ओळ काढली.

३

पहिली असाइनमेंट गुरुवारी दुपारी जमा झाली. शुक्रवारी सकाळी मी अहवाल उघडला. साठांमधून एकच जोडी जुळली होती, शंभर टक्के. 'नक्कल'च्या खाली एका मुलीचा रोल नंबर. 'मूळ'च्या खाली काहीच नव्हतं. म्हणजे प्रोग्राम होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तो कुणाचा, तेवढं नव्हतं.

ती मुलगी मला चांगली माहीत होती. तोंडी परीक्षेत मी तिच्या प्रोग्राममधल्या एका ओळीवर बोट ठेवलं होतं. तिनं एक चल घेतलं होतं, त्याला शून्य किंमत दिली होती आणि पुढे कुठेच वापरलं नव्हतं. "हे कशाला?" मी विचारलं. "उगीच, मॅडम," ती म्हणाली, आणि त्या चलाचं नावही तिनं 'उगीच' असंच ठेवलं होतं. वर्ग हसला. त्या दिवसापासून ती सगळ्यांची उगीच झाली.

डावीकडच्या प्रोग्राममध्ये सातव्या ओळीवर तेच होतं. उगीच, बरोबर शून्य.

माझं एक आवडतं वाक्य आहे, प्रत्येक नव्या वर्गाला मी ते ऐकवते. बरोबर उत्तर दोघांचं सारखं येऊ शकतं, चूक सारखी येत नाही. चूक जुळली की चोरी पक्की. हे वाक्य त्या सकाळी मला पहिल्यांदाच नकोसं वाटलं.

उगीचनं प्रोग्राम जमा केला होता चार वाजून अठरा मिनिटांनी. त्या दुसऱ्यानं चार वाजून सतरा मिनिटांनी. खात्यांच्या यादीत तो नव्हताच, मी स्वतः पुसला होता. मी कारणं लिहून काढली. कुणीतरी तिचा पासवर्ड चोरला. सर्व्हरचं घड्याळ मागे आहे. पुसताना माझी चूक झाली. तिन्ही कारणं शहाण्यासारखी होती. दुपारपर्यंत तिन्ही तपासली, आणि तिन्ही खोटी निघाली.

४

"चला, मासा लागला," मोठे सर म्हणाले.

"सर, मूळ कुणाचं ते कळत नाहीये. ज्याचं खातंच नाही त्याच्याकडून तिनं उतरवलं कसं?"

"मूळ कुणाचंही असेना. नक्कल ती नक्कलच." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या शुक्रवारी अकराला समिती बसवतो, माझ्याच केबिनमध्ये. सिस्टिमचा निष्कर्ष बरोबर आहे, एवढ्या प्रमाणपत्रावर तू सही करायची. मग नियमाप्रमाणे पटावरून नाव कमी."

"शेवटचं वर्ष आहे तिचं."

"म्हणून तर नियम आहे. अगं, तूच आली होतीस ना थांबवायला?"

चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं यंत्र मी स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, आणि वर त्याची जाहिरातही केली होती. मंगळवारी दुसरी असाइनमेंट जमा झाली, तेव्हा आणखी अकरा जण अडकले. अकराच्या अकरा भिंतीकडच्या रांगेतले. प्रत्येकाच्या शेजारी तोच बिननावाचा, प्रत्येकाच्या एक मिनिट आधी.

"साथच आलीय चोरीची," सर म्हणाले. ते खूश होते. "आधी त्या पोरीचं होऊ दे. मग हे अकरा एका दमात."

५

माझी आई गणवेश शिवते. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ताटं असतात आणि दुसऱ्या टोकाला शिलाई मशीन.

"आई, दोघींच्या हातून अगदी सारखी चूक होते का गं?"

"छे. चूक म्हणजे सही असते. माझा कॉलरीचा शेवटचा टाका दुहेरी पडतो. तीस वर्षं झाली. रस्त्यावर कुणाच्याही मानेवर मी माझं काम ओळखेन." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू नाही का अजून 'दोष' लिहिताना षटकोनातला ष सोडून शहामृगातला श काढतेस? बाईंनी वह्याच्या वह्या भरवून घेतल्या. पालथ्या घड्यावर पाणी."

"आणि तुझा तो दुहेरी टाका दुसऱ्या कापडावर सापडला तर? तू शिवायच्या आधी कुणी घातलेला?"

आई हसेल असं मला वाटलं होतं. तिनं दोरा दातांनी तोडला.

"मग पोरी, मी आधी बघेन, माझ्या मशीनवर कोण बसून गेलंय ते."

६

बुधवारी सकाळी मी उगीचला रिकाम्या लॅबमध्ये बोलावलं. तिचा नेहमीचा संगणक भिंतीकडचा, नववा. मी त्याची इंटरनेटची केबल उपटून खिशात घातली.

"मॅडम, आई शपथ मी कुणाचं बघितलं नाही," ती म्हणाली. "आणि बघायचंच असतं, तर हुशार मुलाचं बघितलं असतं ना. त्यात 'उगीच' कशाला आलं असतं?"

"माहीत आहे मला. मी आत्ता तोंडी प्रश्न देते, तू लिही."

प्रश्न मी तिथल्या तिथे बनवला. महिन्याचं रोजचं तापमान दिलं आहे, सलग तीन दिवस सारखं कधी होतं ते शोध. घड्याळ बघितलं. अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटं.

ती लिहू लागली. विचार करताना तिला स्पेसवर अंगठा ठेवून बसायची सवय आहे, मग अंगठा खाली जातो आणि पुढचा शब्द येतो. स्पेसची पट्टी लांब असते, तिचा आवाज बाकीच्यांपेक्षा जड असतो. ठक्. मी मागे उभी राहून ऐकत होते. पाच-सहा ओळी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिच्या अंगठ्याकडे बघताना मला काहीतरी खटकतंय. आवाज आधी येत होता, अंगठा नंतर खाली जात होता. मग तिच्या पट्टीचा आवाज. म्हणजे दोन आवाज होते. बाकीची अक्षरं फक्त इथे वाजत होती. ठक् तेवढा आधी भिंतीपलीकडे.

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली. पलीकडे एक ठक् झाला.

"आता लिही."

तिनं अंगठा दाबला.

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. "पलीकडे सुतारकाम चाललंय का, मॅडम?" तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजावरून कळलं की हा आवाज ती गेले कित्येक दिवस ऐकत होती.

प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन मी माझ्या टेबलावरून तो सिस्टिममध्ये चढवला. नक्कल, शंभर टक्के. डावीकडे तोच प्रोग्राम, बिननावाचा. जमा झाल्याची वेळ अकरा वाजून बेचाळीस. प्रश्न मला सुचला त्याच्या सात मिनिटं आधी.

७

लॅबचे मामा किल्ल्या सांभाळतात. माझं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, आत कोण असणार? तिथं विजेचं कनेक्शनच तोडलंय. उंदीर असतील."

"उंदीर टायपिंग करतात का, मामा?"

"आमच्या ऑफिसातल्यांपेक्षा बरं करत असतील."

मामांनी दार ढकललं. वरच्या झरोक्यातून भरपूर ऊन येत होतं. मॉनिटरांची उतरंड, तीन पायांच्या खुर्च्या, आणि भिंतीला लागून एक टेबल, बरोबर नवव्या संगणकाच्या पाठीला पाठ लावून. त्यावर एक जुना कीबोर्ड, वायर कापलेला. सगळ्यावर बोटभर धूळ होती. कीबोर्डवरही होती, इतकी की अक्षरं वाचता येत नव्हती. फक्त खालची लांब पट्टी स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नाही, अंगठ्यानं झिजून चकचकीत झालेली.

"बघा, कुणी नाही," मामा दारातून म्हणाले.

मी वाकून बघत होते. पट्टी हळूच खाली गेली, आणि वर आलीच नाही. विचार करणारं माणूस अंगठा ठेवून बसतं तशी ती दबलेली राहिली.

मी दार ओढून घेतलं. कुलूप लावताना मला भयंकर राग आला. माझ्या विद्यार्थिनीचं वर्ष, तिचं नाव, आणि समोर कोण, तर एक झिजलेली पट्टी. मी म्हटलं, बघतेच.

८

प्रमाणपत्र देणार नाही, असं पत्र मी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता आईच्या टेबलावर बसून लिहिलं. मुद्दाम हातानं, पेनानं, कुठल्याही कीबोर्डपासून दूर. सिस्टिमचा निष्कर्ष चुकीचा आहे, ही विद्यार्थिनी निर्दोष आहे, बाकीचे अकरा जणही. सही समितीसमोर करायची म्हणून जागा सोडली.

शुक्रवारी अकराला केबिनमध्ये मोठे सर होते, परीक्षा विभागाच्या बाई होत्या आणि दाराशी उगीच उभी होती. मी पत्र पुढे केलं. सरांनी ते वाचलं आणि गोंधळून दुसरा कागद उचलला.

"हे आलंय की. कालच. प्रिंटरवर पडलं होतं, मामांनी आणून दिलं. खाली नाव टाकायला विसरलीस तू."

मी तो छापील कागद वाचला. शब्द न् शब्द माझा. वर कालची तारीख, दुपारचे चार. तिसऱ्या ओळीत 'निर्दोश', शहामृगातला श. बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, डावीकडे तो, उजवीकडे माझा.

"म्हणजे हे बघून तुम्ही हातानं उतरवलंत," बाई म्हणाल्या.

"नाही."

"चूकसुद्धा तीच आहे हो."

दाराशी उगीच माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत टोमणा नव्हता. आता कळलं ना, एवढंच होतं.

"जाऊ दे, कशाला ताणायचं," सर म्हणाले. "तुला प्रमाणपत्र द्यायचं नाही ना, नको देऊ. पण फाईलला छापील कागद बरा दिसतो. याच्यावरच सही करून टाक."

त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. तळाशी 'नाव' असं छापलेलं होतं, आणि त्यापुढे एका ओळीच्या उंचीची पांढरी पट्टी. सरांच्या पाठीमागच्या भिंतीतून ठक् आला. एकच. नंतरची शांतता मी ओळखली. पट्टी दबून राहिली होती. कुणीतरी पुढच्या शब्दाची वाट बघत होतं, आणि तो शब्द त्याला लिहिता येत नव्हता.

पेन घेऊन माझा हात त्या कागदावर गेला होता, हे मी कबूल करते. तो किती सहज गेला, हेही.

"हा कागद माझा नाही," मी म्हणाले.

"अगं, शब्द तुझेच आहेत."

"शब्द माझे आहेत, कागद नाही. आणि हा आधी आला म्हणून माझा खोटा ठरत नाही. सर, सिस्टिममधली ती ओळ मी लिहिलीय. आधी आला तो मालक, ही माझी चूक होती. आधी येणं म्हणजे फक्त आधी येणं. हिनं प्रत्येक ओळीवर डोकं खपवलंय, मी स्वतः मागे उभी राहून बघितलंय. ते कुठल्या घड्याळात दिसत नाही."

मी माझा कागद ओढला आणि सही केली. मग सहीखाली पूर्ण नाव लिहिलं, लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत, शाळेत पहिल्या दिवशी सांगतात तसं.

"मीपण करू का?" उगीचनं विचारलं, आणि कुणी हो म्हणायच्या आत पुढे आली. आजीनं ठेवलेलं लांबलचक नाव आहे तिचं, तिला ते मुळीच आवडत नाही. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. एकदाही थांबली नाही.

भिंतीतून काही आलं नाही.

बाईंनी फाईल मिटली. "सही नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर प्रकरण नाही. मुलीचं नाव पटावर राहील. त्या अकरांचंही."

"आणि तुझी सिस्टिम?" सर हताश होऊन म्हणाले. "तीन कॉलेजांनी मागितलीय ती."

"मागू देत," मी म्हणाले. छापील कागदाचे मी चार तुकडे केले आणि चारही खिशात घातले. इथल्या कचऱ्याच्या टोपलीवर माझा भरवसा नाही.

९

सिस्टिममधून मी 'मूळ' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द काढून टाकले आहेत. आता ती एवढंच सांगते की हे दोन सारखे दिसतात, दोघांना समोर बसवा आणि विचारा. मोकळी जागा सोडून नावात किमान एक अक्षर हवं, हीही दुरुस्ती केली. यादी आता खऱ्या नावानं सुरू होते. तरी ते पहिलं नाव घेण्याआधी मोठे सर क्षणभर थांबतात. आपण थांबतो हे त्यांना माहीत नाही.

भिंतीकडच्या रांगेत मी कुणाला बसू देत नाही. नवव्या संगणकावर मी बसते. हे सगळं तिथे बसूनच लिहिते आहे, भर दुपारी, लॅबचं दार सताड उघडं ठेवून. घरी बसून लिहिता आलं असतं. पण मग ते भ्यायल्यासारखं झालं असतं.

दोन शब्दांच्या मध्ये जागा ही सोडावीच लागते. त्याला माझा इलाज नाही. प्रत्येक वेळी माझा अंगठा खाली जायच्या आधी पलीकडे ठक् होतो, आणि मग ते थांबतं.

थांबू दे. जागा त्याची असेल. तिच्यापुढचा शब्द मी लिहिते.